सातासमुद्रापलीकडचे पत्र

हाताने पत्र लिहिणारा माणूस आता दुर्मीळ होत चालला आहे. पोस्टमनच्या पिशवीत आज बँकांची पाकिटे असतात, कचेऱ्यांच्या नोटिसा असतात, विम्याची कागदपत्रे असतात. परंतु वहीचे पान फाडून लिहिलेले, कोपऱ्यात एखादे फूल चितारलेले पत्र क्वचितच आढळते. डेन्मार्कसारख्या प्रगत देशाच्या सरकारी टपालसेवेने तर २०२५ सालच्या अखेरीस पत्रे घरपोच करण्याचे चारशे वर्षांचे आपले व्रत सोडून दिले. अशा काळात मुलांच्या पत्रमैत्रीविषयी लिहावयास बसणे म्हणजे गेलेल्या दिवसांचे कवडसे मुठीत धरू पाहणे, असे काही वाचकांस वाटेल. आमचे मत तसे नाही. परदेशातील एका अनोळखी मुलाला स्वतःच्या हाताने लिहिलेले पत्र बालमनावर जो संस्कार करते, तो अन्य साधनांनी तितक्या सहजपणे होत नाही, असे आम्हांला अनुभवान्ती वाटू लागले आहे. त्या अनुभवाचे चार शब्द वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एका देशात पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या देशातील दारात जाऊन पडते, ही गोष्ट आपण गृहीत धरतो. ती तशी साधी नाही. पूर्वी प्रत्येक दोन देशांमध्ये टपालाचा स्वतंत्र करार असे आणि दरही निरनिराळे असत. १८७४ साली स्वित्झर्लंडमधील बर्न या शहरी बावीस राष्ट्रांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि पत्रांपुरते तरी या सर्व देशांचे मिळून एकच क्षेत्र मानावे, असे त्यांनी ठरविले. १८७६ साली भारत या जागतिक टपाल संघात सामील झाला. राज्यकर्त्यांचे एकमेकांशी पटो वा न पटो, त्यांच्या प्रजेची पत्रे परस्परांनी पोहोचवावीत, हा त्या कराराचा आशय आम्हांला फार मोलाचा वाटतो. मुलांची पत्रमैत्री या वाटेवरूनच पुढे चालत आली.

आमच्या शाळकरी वयात, म्हणजे १९८० च्या दशकाच्या आरंभी, अशी मैत्री जुळवून देणाऱ्या संस्था होत्या. फिनलंडमधील तुर्कू येथे १९५२ साली सुरू झालेली आणि २००८ पर्यंत चाललेली इंटरनॅशनल यूथ सर्व्हिस ही त्यांपैकी एक. तिचा छापील फॉर्म एका शिक्षकांनी आम्हांला आणून दिला. वय, आवडीनिवडी आणि कोणत्या देशातील मित्र हवा हे त्यावर लिहावयाचे होते. काही आठवड्यांनी फिनलंडमधील एका मुलाचे नाव आणि पत्ता आला. वसईच्या वाडीत वाढलेल्या आम्हां मुलाला तो पत्ता वाचतानाच जिभेची कसरत करावी लागली.

त्याचे गाव एका तळ्याकाठी होते. हिवाळ्यात ते तळे गोठते आणि आपले वडील त्यावरून मोटार चालवीत पलीकडच्या गावी जातात, असे त्याने पहिल्याच पत्रात लिहिले होते. आम्ही ते आजीला वाचून दाखविले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि, “मुलगा थापाड्या दिसतो,” असा निकाल दिला. उत्तरादाखल आम्हीही आमच्या बावखलाविषयी लिहावयास घेतले आणि पहिल्याच ओळीवर अडलो. शब्दकोशात तळे होते, विहीर होती, डबके होते, बावखल नव्हते. पूर्वजांनी वाडीच्या कडेला खणलेले, पावसाचे पाणी साठविणारे, जवळच समुद्र असताना विहिरींचे पाणी गोडे राखणारे आणि रहाटाच्या पोहऱ्यांतून केळीच्या मुळाशी पाणी पोहोचविणारे हे जलाशय एका शब्दात कसे सांगावे? ते कोणी खणले, केव्हा खणले, दरवर्षी त्यातील गाळ का काढावयाचा, हे आम्ही आजोबांना त्या पत्रापायी प्रथमच विचारले. रोज ज्याच्या काठावर बसून आम्ही पाय हलवीत असू, ते बावखल आम्ही फिनलंडच्या मुलासाठी पहिल्यांदा पाहिले. परक्याला घर दाखवावयाचे तर आधी आपणच ते नीट पाहावे लागते, हा पत्रमैत्रीचा पहिला धडा.

ती मैत्री तीन वर्षे चालली. पुढे त्याचे शिक्षण, आमचे सेमिनरीतील शिक्षण, यांत ती आपोआप विरळ होत गेली. दरम्यान वसईतील कितीतरी बावखले भरणी घालून बुजविली गेली आणि त्यांच्यावर इमारती उभ्या राहिल्या. आमच्या बावखलाचे वर्णन मात्र कदाचित फिनलंडमधील एखाद्या माळ्यावर, जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात, अद्याप शाबूत असेल.

तीन वर्षांपूर्वी सेमिनरीतील आमचे एक सहाध्यायी सुट्टीवर आले होते. ते टांझानियात, किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या मोशी या शहराजवळ एका धर्मग्रामात सेवा करतात. जेवताना त्यांनी तेथील चागा लोकांविषयी सांगितले. डोंगराच्या उतारावर त्यांच्या केळीच्या आणि कॉफीच्या बागा आहेत. पूर्वजांनी खणलेल्या पाटांतून डोंगरातील पाणी या बागांना मिळते. केळ हे त्यांचे फळही आहे आणि रोजचे अन्नही. ऐकता ऐकता आमच्या मनात आले की, केळीच्या सावलीत वाढलेली ही मुले आणि केळीच्याच सावलीत वाढलेली आमची मुले यांची एकमेकांशी ओळख का असू नये? त्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील सहावी-सातवीची वीस मुले आणि तिकडची वीस मुले यांच्यात पत्रे सुरू झाली. पहिला लिफाफा पोहोचावयास पाच आठवडे लागले.

पहिल्या पत्रांनी मोठी मौज केली. आमच्या बहुतेक मुलांनी, “तुमच्या अंगणात सिंह येतो का?” असे विचारले होते. तिकडूनही, “तुम्ही शाळेत हत्तीवर बसून जाता का?” असे प्रश्न आले. त्यांच्या अंगणात कोंबड्या आणि शेळ्या होत्या. आमची मुले रिक्षाने किंवा पायी शाळेत जात होती. दोन्हीकडे निराशा झाली आणि त्या निराशेतूनच खरी ओळख सुरू झाली. चित्रातला सिंह आणि चित्रातला हत्ती बाजूला सरल्यावाचून समोरचा मुलगा दिसत नाही.

दुसरी गंमत भाषेची. आमची मुले घरी सामवेदी बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि हे पत्र लिहावयाचे ते इंग्रजीत. तिकडची मुले घरी चागा बोलतात, शाळेत स्वाहिली शिकतात आणि त्यांनाही लिहावयाचे ते इंग्रजीत. दोघांनाही तिसऱ्याच भाषेत बोट धरून चालावयाचे होते. त्यामुळे कोणी कोणाच्या चुकांना हसण्याचा प्रश्न राहिला नाही. मग आमच्या सहाध्यायांनी प्रत्येक पत्राच्या तळाशी पाच स्वाहिली शब्द लिहावयास सांगितले आणि वर्गात एकच गलका उडाला. ‘कितबू’ म्हणजे पुस्तक, आपली किताब. ‘कलमू’ म्हणजे लेखणी, आपले कलम. ‘हबारी’ म्हणजे बातमी, आपली खबर. ‘गारी’ म्हणजे गाडी आणि ‘चपाती’ म्हणजे चपातीच! अरबस्तानच्या, गुजरातच्या, कोकणच्या आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरून शेकडो वर्षे मोसमी वाऱ्यांवर गलबते ये-जा करीत होती. त्या गलबतांतून मालाबरोबर शब्दही उतरले. इतिहासाच्या पुस्तकातील हिंदी महासागराचा व्यापार आमच्या मुलांना परीक्षेपुरता ठाऊक होता. तो आपल्या जेवणाच्या ताटात आहे, हे त्यांना एका चागा मुलीच्या पत्राने समजले.

तिकडच्या एका मुलाने केळी आणि मांस एकत्र शिजवून केलेल्या ‘म्तोरी’ नावाच्या घट्ट सुपाची कृती पाठविली. उत्तरादाखल आमच्या मुलांनी सुकेळ्यांविषयी लिहिण्याचे ठरविले. परंतु सुकेळी खाणारे वीस असले, तरी ती कशी करतात हे एकासही सांगता येईना. अखेर मुले एका वयोवृद्ध आजींकडे गेली. राजेळी केळी किती पिकू द्यावी, सोलून किती दिवस उन्हात ठेवावी, ढग आले तर काय करावे, हे सारे आजींनी सांगितले. “आमच्याच पोरांनी मला हे कधी विचारले नाही आणि आफ्रिकेतील पोरे विचारतात!” असे त्या म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. आपल्या संस्कृतीची ओढ भाषणांनी लागत नाही. दूरच्या मित्राने प्रश्न विचारला, की मूल आपल्या आजीकडे धावते.

तथापि, सर्वच पत्रांना उत्तरे आली नाहीत. एका मुलीच्या मैत्रिणीचे कुटुंब मोशी सोडून कोठेतरी दूर गेले आणि आमच्या मुलीने लिहिलेली तीन पत्रे अनुत्तरित राहिली. दर वेळी लिफाफा उघडताना ती मान उंच करून पाही. एके दिवशी तिने विचारले, “फादर, तिने लिहिलेच नाही, तर आमची मैत्री झाली असे म्हणायचे का?”

प्रश्न लहान मुलीचा असला, तरी उत्तर सोपे नव्हते. आम्ही त्या दिवशी मुलांना एका खऱ्या पत्राची हकिकत सांगितली.

अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅनव्हिल नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे बर्डी मॅथ्यूज नावाच्या शिक्षिका होत्या. त्यांना प्रवासाची आवड होती आणि आपल्या शेतकरी मुलांनी जग पाहावे अशी तळमळ होती. मुलांना जगभर नेणे शक्य नव्हते. म्हणून त्या परदेशातील मुलांची नावे व पत्ते मिळवीत आणि आपल्या विद्यार्थ्यांना त्यांतून निवड करू देत. १९४० सालच्या वसंत ऋतूत त्यांच्या वर्गातील दहा वर्षांच्या व्वानिटा वॅग्नर या मुलीने हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहरातील एक नाव निवडले. तिने आपल्या शेताविषयी, आईविषयी आणि बेटी ॲन या थोरल्या बहिणीविषयी लिहून पत्र धाडले.

उत्तर आले ते एका लिफाफ्यात दोन पत्रांचे. एक व्वानिटासाठी, दुसरे बेटी ॲनसाठी; कारण त्या मुलीलाही मार्गो नावाची थोरली बहीण होती. धाकटीने २९ एप्रिल १९४० ही तारीख घातली होती. आपली शाळा, आपला वर्ग, आपला चित्रकार्डांचा संग्रह यांविषयी तिने लिहिले होते. ॲमस्टरडॅमच्या कालव्याचे एक चित्रकार्ड आणि आपला फोटोही पाठविला होता. व्वानिटाचा वाढदिवस केव्हा असतो, असेही विचारले होते. मार्गोचे पत्र किंचित गंभीर होते. आपला देश लहान आहे, जर्मनीची सीमा लागून आहे आणि त्यामुळे सुरक्षित वाटत नाही, अशा अर्थाची ओळ त्यात होती. आपण ज्यू आहोत, जर्मनी सोडून येथे आलो आहोत, हे दोघींपैकी कोणीही लिहिले नव्हते. धाकट्या मुलीचे नाव ॲन फ्रँक.

त्यानंतर अकराव्या दिवशी, १० मे १९४० रोजी, जर्मन सैन्य हॉलंडमध्ये घुसले. डॅनव्हिलच्या बहिणींनी लगेच उत्तर पाठविले होते. परंतु पुढे ॲमस्टरडॅमहून काहीही आले नाही. महायुद्धाची पाच वर्षे त्या दोघींच्या मनात एकच प्रश्न होता: आपल्या मैत्रिणींना अन्न मिळत असेल का? त्यांच्या घरावर बाँब तर पडले नसतील ना? १९४५ साली युद्ध संपताच बेटी ॲनने त्याच जुन्या पत्त्यावर पुन्हा पत्र लिहिले. या वेळी उत्तर आले ते मुलींच्या वडिलांचे. ऑटो फ्रँक यांनी आपल्या कुटुंबाच्या अज्ञातवासाविषयी आणि दोन्ही मुलींच्या मृत्यूविषयी लिहिले होते. त्या दोघी १९४५ च्या प्रारंभी बर्गन-बेल्सन येथील छळछावणीत मरण पावल्या होत्या. बेटी ॲन तोवर स्वतः शिक्षिका झाली होती. तिने ते पत्र आपल्या वर्गातील मुलांना वाचून दाखविले. आपल्या मैत्रिणी ज्यू होत्या, हे तिला त्या पत्रातून प्रथमच कळले. ॲनची रोजनिशी जगप्रसिद्ध झाली ती त्यानंतर.

दोघींमध्ये एक-एक पत्र. एवढीच ती मैत्री. परंतु त्या एका पत्रामुळे आयोवातील दोन मुली पाच वर्षे दूरच्या युद्धाविषयी बेफिकीर राहू शकल्या नाहीत. गावातील इतरांसाठी हॉलंड हे नकाशावरील एक ठिकाण होते. या दोघींसाठी ते एका चेहऱ्याचे, एका फोटोचे, एका वाढदिवसाचे घर होते. शांती म्हणजे काय, हे आम्ही आजवर पुष्कळ ग्रंथांतून वाचले. दूरच्या माणसाच्या दुःखाला चेहरा लाभणे, ही तिची सुरुवात असावी, असे आम्हांला वाटते. आमच्या त्या मुलीला आम्ही इतकेच म्हणालो, “तू अजून तिची वाट पाहतेस ना? मग मैत्री आहे.”

येथे एखादा व्यवहारी वाचक म्हणेल, की मुलांच्या पत्रांनी युद्धे थांबत नाहीत. खरे आहे. १९८२ साली समान्था स्मिथ या दहा वर्षांच्या अमेरिकन मुलीने सोव्हिएत नेते आंद्रोपोव्ह यांना पत्र लिहून, तुम्ही युद्ध करणार आहात का, असे विचारले. त्यांनी उत्तर दिले, तिला आपल्या देशात बोलाविले आणि १९८३ च्या जुलैमध्ये ती तेथील मुलांबरोबर राहून आली. मोठ्यांनी या मुलीचा आपापल्या प्रचारासाठी उपयोग केला, अशी टीका तेव्हाही झाली. तरीसुद्धा शिबिरात तिच्याबरोबर पोहलेल्या, गायिलेल्या मुलींच्या दृष्टीने अमेरिका हा शब्द पूर्वीसारखा राहिला नसेल, हेही तितकेच खरे.

आपल्या देशाच्या इतिहासातही एक गोड उदाहरण आहे. महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातील प्राणी सरकारी हुकुमाने मारण्यात आले. तेथील तीन हत्तींना उपाशी ठेवून त्यांचा अंत करण्यात आला. युद्धानंतर वाढणाऱ्या टोकियोच्या मुलांनी हत्ती पाहिलाच नव्हता. त्यांनी पंडित नेहरूंना पत्रे लिहून एक हत्ती मागितला. आपला देश नुकताच स्वतंत्र झालेला, फाळणीच्या जखमा ताज्या; तरी त्या पत्रांकडे दुर्लक्ष झाले नाही. १९४९ च्या सप्टेंबरमध्ये म्हैसूरकडील एक हत्तीण जहाजाने जपानला पोहोचली. पंडितजींनी तिला आपल्या कन्येचे, इंदिरेचे, नाव दिले आणि ही भेट माझी नसून भारतातील मुलांनी जपानमधील मुलांना दिलेली आहे, अशा आशयाचे पत्र सोबत पाठविले. ती हत्तीण १९८३ पर्यंत जगली. हरलेल्या, उद्ध्वस्त झालेल्या देशातील एका पिढीच्या मनात भारत हा शब्द त्या हत्तिणीच्या पावलांनी आला.

हे सारे वाचून एखाद्या शिक्षकास अथवा धर्मग्रामास असा उपक्रम करावासा वाटल्यास, अनुभवाच्या दोन-चार गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट मुलांच्या सुरक्षिततेची. मुलांचे घरचे पत्ते, फोन क्रमांक परक्या हाती देऊ नयेत. सारी पत्रे शाळेच्या किंवा धर्मग्रामाच्या पत्त्यावर, एकाच लिफाफ्यातून जावीत आणि दोन्हीकडे ओळखीचा, विश्वासाचा माणूस असावा. दुसरी गोष्ट अशी, की पत्र मोठ्यांनी सुधारून देऊ नये. व्याकरण सुधारते आणि मूल हरवते. “आमचा देश विविधतेने नटलेला आहे” असे वाक्य आमच्या एका मुलाने निबंधाच्या वहीतून उतरवून काढले होते. त्याखालीच, “आमची मांजर काल माशाच्या टोपलीत झोपली” असे त्याने स्वतःचे लिहिले. उत्तर आले ते मांजरीविषयी. तिसरी गोष्ट, तुलना टाळावी. कोणाकडे संगणक आहे आणि कोण पाण्यासाठी किती चालते, याची मोजदाद सुरू झाली, की एक दाता होतो, दुसरा याचक होतो आणि मैत्री संपते. म्हणून आम्ही पहिल्या वर्षी दोन्हीकडून काहीही वस्तू पाठवू दिल्या नाहीत, फक्त कागद. ज्यांना अशी सोय करता येत नाही, त्यांनी जागतिक टपाल संघाच्या पत्रलेखन स्पर्धेत मुलांना जरूर उतरवावे. ९ ते १५ वयोगटासाठी ती १९७१ सालापासून चालू आहे आणि आपले टपाल खातेही तीत भाग घेते.

राहता राहिला मोबाईलचा प्रश्न. पडद्यावर मोशीची मुले क्षणात दिसतील, मग पाच आठवड्यांची प्रतीक्षा कशासाठी? आम्ही एकदा तसेही करून पाहिले. दोन्हीकडची मुले एकमेकांकडे पाहून हसली, हात हलविले, आणि दहा मिनिटांत बोलावयाचे संपले. वाईट काहीच नव्हते. परंतु त्या भेटीत कोणी आजीकडे धावले नाही, कोणी शब्दकोश उघडला नाही, कोणी खोडून पुन्हा लिहिले नाही. पत्र लिहिणाऱ्या मुलाला समोर नसलेला माणूस मनात आणावा लागतो. त्याला काय कळेल, काय कळणार नाही, कशाने हसू येईल, कशाने दुखेल, याचा विचार करावा लागतो. दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याचे हे शिक्षण कागद मुलाला गुपचूप देऊन जातो. उत्तराची वाट पाहण्यातही शिक्षण आहे. त्या पाच आठवड्यांत तो मित्र मुलाच्या मनात मुक्कामाला असतो.

आज जगात युद्धे आहेत, सीमांवर तारांची कुंपणे आहेत आणि परक्याविषयी संशय शिकविणारे आवाज घराघरांत पोहोचले आहेत. ते आवाज मुलांच्या कानांपर्यंत जाणारच. आपण ते सर्वस्वी अडवू शकत नाही. परंतु ते पोहोचण्यापूर्वी एखाद्या परक्या मुलाचे पत्र आपल्या मुलाच्या दप्तरात पोहोचले असेल, तर त्याला त्या आवाजांवर सहजी विश्वास ठेवता येणार नाही. त्यासाठी फार खर्च येत नाही. एक कागद, एक लिफाफा, काही तिकिटे आणि पुढे धीर धरण्याची तयारी, एवढे भांडवल प्रत्येक घरात असते.